संगणक : आज्ञाधारक, परंतु अजाण सेवक

ज्या यंत्राशीं आपला दिवसांतून शंभर वेळां संबंध येतो, आणि तरीहि ज्याच्याविषयीं आपणांस फारच थोडी माहिती असते, असें यंत्र म्हणजे संगणक होय. वरसे गांवच्या शेतकऱ्यास सातबाराचा उतारा हवा असो, रोह्याहून प्रवासास निघणाऱ्या कुटुंबास तिकीट राखून ठेवावयाचें असो, किंवा विद्यार्थ्यास दहावीचा निकाल पाहावयाचा असो, सर्वत्र हें यंत्र मध्यें उभें आहे. खिशांतील मोबाईल हाहि एक संगणकच होय. असें असतांहि त्याच्याविषयीं लोकांच्या मनांत दोन टोकांच्या कल्पना वसत आहेत. कोणी त्यास सर्वज्ञ मानतात, तर कोणी मांत्रिकाची पेटी समजून त्यापासून चार हात दूर राहतात. या दोन्ही कल्पना चुकीच्या आहेत.

प्रस्तुत लेखक याच यंत्राच्या सेवेंत आपली उपजीविका करितो. या व्यवसायांतील माणसें एकत्र जमलीं म्हणजे, "एवढ्या चार गोष्टी सर्वांस ठाऊक असत्या, तर लोकांचा किती त्रास वांचला असता!" असा उद्गार हटकून निघतो. त्या चार गोष्टी आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढें, विशेषतः विद्यार्थी मित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें, मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

पहिली गोष्ट ही कीं, संगणकास कांहींहि समजत नाहीं. तो सांगितलेलें काम अतिशय वेगानें व न थकतां करितो. परंतु सांगणाऱ्याच्या मनांत काय होतें हें त्यास कळत नाहीं. एक साधें उदाहरण घेऊं. एखाद्या मुलाचें नांव शाळेच्या दाखल्यावर "दत्तात्रेय" व बँकेच्या खात्यावर "दत्तात्रय" असें लिहिलेलें आहे. वर्गशिक्षक तें पाहून क्षणभरहि घोटाळणार नाहींत. संगणक मात्र अक्षरें पडताळून पाहतो; एक मात्रा कमी दिसली कीं हीं दोन निराळीं माणसें आहेत असा तो निर्णय देतो. मग शिष्यवृत्तीची रक्कम अडते, अर्ज परत येतो, आणि बाप बिचारा मजुरी बुडवून कचेरीच्या पायऱ्या झिजवितो. तेथें त्यास "संगणक घेत नाहीं" असें उत्तर मिळतें. वस्तुतः दोष संगणकाचा नसतो. कोठेंतरी कोणीतरी मनुष्यानें अक्षर चुकविलेलें असतें, किंवा संगणकास आज्ञा लिहून देणाऱ्यानें अशा प्रसंगाचा विचार केलेला नसतो. यास्तव पालकांनीं मुलाच्या प्रवेशाच्या दिवशींच नांव, जन्मतारीख व आडनांव एकेक अक्षर वाचून पाहावें. दोन मिनिटांची ही दक्षता पुढील दहा वर्षांची यातायात वांचविते.

अलीकडे प्रश्न विचारतांच सुबक भाषेंत उत्तर लिहून देणारे कृत्रिम बुद्धीचे कार्यक्रमहि मुलांच्या हातीं आले आहेत. त्यांच्या बाबतींतहि हाच नियम ध्यानांत ठेवावा. अफाट लेखन चाळून, कोणत्या शब्दांमागून कोणता शब्द येणें संभवनीय आहे याचा हिशेब करून ते वाक्यें रचितात. त्यामुळें त्यांचें उत्तर पुष्कळदां बरोबर असतें. परंतु चुकलें तरी तें तितक्याच ठाशीवपणें चुकतें. भाषेचा डौल हा सत्याचा पुरावा नव्हे.

दुसरी गोष्ट आपल्या पाटीची व वहीची आहे. संगणकांत स्मरणाच्या दोन जागा असतात. एक पाटीसारखी, चालू कामाची आंकडेमोड तीवर होते, आणि वीज गेली कीं ती कोरी होते. दुसरी वहीसारखी, तींत लिहिलेलें यंत्र बंद केल्यावरहि टिकतें. "बंद करून पुन्हां सुरू करा" हा आमच्या धंद्यांतील लोकांचा सल्ला ऐकून पुष्कळजण हंसतात. यास दुसरें कांहीं येत नाहीं असें त्यांस वाटतें. परंतु पाटीवर खूप वेळ लिहीत राहिलें, अर्धवट पुसलें, वर पुन्हां लिहिलें, म्हणजे जसा गोंधळ माजतो, तसाच तेथेंहि माजतो. पाटी स्वच्छ पुसून वहीवरून पुन्हां आरंभ करणें हाच त्यावरील सरळ उपाय होय. मात्र जें वहींत उतरविलें नाहीं तें पाटीबरोबर पुसलें जाणार, हेंहि यावरून उघड होतें. म्हणून काम करतांना तें मधून मधून जतन करावें.

याच संदर्भांत आणखी एक विनंती आहे. वैद्याकडे गेल्यावर "मला बरें वाटत नाहीं" एवढेंच सांगून कोणी गप्प बसत नाहीं. कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें, काय खाल्लें होतें, हें आपण सांगतों. संगणक बिघडला म्हणजे मात्र "तो चालत नाहीं" या तीन शब्दांत सर्व निवेदन संपतें. पडद्यावर जी सूचना उमटते ती न वाचतांच पुसली जाते. त्या सूचनेंतच बहुधा दुखण्याचें नांव लिहिलेलें असतें. ती उतरून घ्यावी. आपण काय करीत होतों, काय घडावयास हवें होतें व काय घडलें, या तीन गोष्टी सांगाव्या. तसेंच हेंहि ध्यानांत असावें कीं, या विद्येच्या अनेक शाखा आहेत. सुतार व गवंडी दोघेहि घर बांधतात, म्हणून कोणी सुतारास भिंत रचावयास सांगत नाहीं. संगणकाच्या आज्ञा लिहिणाऱ्यास छपाईचें यंत्र दुरुस्त करतां येईलच असें नाहीं.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ती म्हणजे, आपली माहिती नेमकी कोठें असते हें जाणणें. "आमचीं छायाचित्रें वर ढगांत आहेत" असें मुलें म्हणतात. आकाशांत असा कोणताहि ढग नाहीं. तो ढग म्हणजे दूर कोठेंतरी एका इमारतींत ठेवलेले दुसऱ्याच्या मालकीचे संगणक होत. तेथवर आपला निरोप कसा जातो? रोह्याचें स्थानक डोळ्यांपुढें आणा. येथें मध्य रेल्वेची हद्द संपते व कोंकण रेल्वेची सुरू होते. परंतु गाडींतील उतारूस त्याचा पत्ताहि लागत नाहीं. त्याचप्रमाणें आपला निरोप लहान लहान तुकड्यांत विभागला जाऊन, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहिला जाऊन, एका कंपनीच्या तारांवरून दुसरीच्या तारांवर असा प्रवास करितो. मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या तारांतून तो परदेशींहि पोंचतो. हा सर्व व्यवहार तारा, वीज, इमारती व माणसें यांवर चालतो. आणि जें माणसांवर व विजेवर चालतें, तें केव्हांतरी बंदहि पडतें.

असें बंद पडणें किती महागांत पडतें, याचें उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यांत घडलें आहे. उरण तालुक्यांतील न्हावाशेवा बंदरांत "गेटवे टर्मिनल्स इंडिया" या नांवाचा एक धक्का मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडून चालविला जात होता. ता. २७ जून २०१७ रोजीं तेथील काम एकाएकी ठप्प झालें. याऱ्या शाबूत होत्या, पेट्या जागच्या जागीं होत्या, माणसेंहि हजर होतीं. परंतु कोणती पेटी कोठें ठेवली आहे व ती कोणास द्यावयाची आहे, हें सांगणारी यंत्रणाच आंधळी झाली होती. याचें मूळ कोठें होतें? हजारों मैल दूर युक्रेन देशांत हिशेब ठेवण्याचा एक संगणकीय कार्यक्रम वापरांत होता. त्याच्या सुधारणेच्या निमित्तानें शत्रूनें त्यांत विषारी आज्ञा मिसळून दिल्या. "नॉटपेट्या" या नांवानें तें विष पुढें प्रसिद्ध झालें. मर्स्क कंपनीच्या जाळ्यांत तें शिरलें आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत कांहीं तासांत जगभर पोंचलें. कंपनीस सुमारें ४,००० मोठे व ४५,००० लहान संगणक नव्यानें सिद्ध करावे लागले. हें काम तिच्या माणसांनीं दहा दिवस अहोरात्र खपून केलें. नुकसानीचा अंदाज पंचवीस ते तीस कोटी डॉलर इतका होता.

या प्रकरणांतील सर्वांत बोधप्रद भाग पुढेंच आहे. सर्व जाळ्याची किल्ली म्हणतां येईल अशी एक महत्त्वाची नोंद कंपनीनें सुमारें दीडशें संगणकांवर ठेविली होती. एवढ्या प्रती असल्यावर भय कसलें, असें कोणासहि वाटेल. परंतु त्या सर्व प्रती एकमेकींस जोडलेल्या असल्यामुळें एकदमच नष्ट झाल्या. फक्त आफ्रिकेंतील घाना देशांतली एक प्रत वांचली. आणि ती तरी कां वांचली? त्या वेळीं तेथील वीज गेली होती, म्हणून तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता! ती प्रत माणसाकरवीं विमानानें इंग्लंडांत नेण्यांत आली, व तिच्या आधारानें कंपनीचा कारभार पुन्हां उभा राहिला. जोडलेल्या दीडशें प्रतींपेक्षां अलग ठेवलेली एक प्रत अधिक मोलाची ठरली.

यावरून दोन बोध घ्यावयाचे. पहिला हा कीं, संगणकाचा कारखानदार वेळोवेळीं ज्या सुधारणा पाठवितो त्या टाळूं नयेत. ज्या एका छिद्रांतून हें विष पसरत गेलें, तें बुजविणारी सुधारणा मार्च २०१७ मध्येंच प्रसिद्ध झालेली होती. केवळ तेवढ्यानें सर्व संकट टळलें असतें असें नाहीं, कारण त्या विषास चोरलेल्या परवलींच्या साहाय्यानेंहि पसरतां येत होतें. सुधारणाहि क्वचित् सदोष निघते. ता. १९ जुलै २०२४ रोजीं एका संरक्षक कार्यक्रमाच्या सदोष सुधारणेमुळें जगांतील सुमारें पंचाऐशीं लक्ष संगणक बंद पडले, आणि आपल्या देशांतील विमानतळांवर उतारूंस हातानें लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. म्हणूनच दुसरा बोध अधिक मोठा आहे : जें गमावल्यास डोळ्यांत पाणी येईल, त्याची एक प्रत अलग व दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी. ता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत आपल्या जिल्ह्यांतील कित्येक गांवें अनेक दिवस विजेवांचून व मोबाईलवांचून होतीं. जुलै २०२१ च्या महाडच्या महापुरांत घरेंच्या घरें पाण्याखालीं गेलीं. कागद आणि संगणक एकाच कपाटांत ठेवले, तर पूर दोहोंसहि एकदमच गांठतो. येशूनें सांगितलेला दहा कुमारींचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या तासास ऐकला आहे. मध्यरात्रीं वर आल्याची हांक ऐकूं आल्यावर तेल उसनें मिळत नाहीं. तें आधींच भरून ठेवावें लागतें.

चौथी गोष्ट कुलपाची. ज्यांचें नांव रोह्याशीं निगडित आहे ते चिंतामणराव देशमुख १९४३ सालीं रिझर्व बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्या काळीं बँक लुटावयाची तर तिजोरी फोडावी लागे. आतां चोरास तिजोरी फोडण्याचें कारण उरलें नाहीं; तो किल्ली आपल्याच हातून मागून घेतो. तो दूरध्वनीवर बँकेचा अधिकारी होतो, वीज कंपनीचा कारकून होतो, प्रसंगीं पोलीसहि होतो. त्याचीं शस्त्रें दोनच : भय आणि घाई. "आजच्या आज केलें नाहीं तर खातें बंद होईल" हें वाक्य कानीं पडतांच सावध व्हावें. मोबाईलवर येणारा क्षणिक सांकेतिक अंक कोणतीहि बँक विचारीत नाहीं. पैसे घेण्यासाठीं आपला गुप्त अंक कधींहि द्यावा लागत नाहीं. दूरध्वनीवरून किंवा पडद्यावरून मनुष्यास अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यांत नाहीं. एवढीं तीन वाक्यें घरांतील प्रत्येकास मुखोद्गत असावीं.

इतकें करूनहि कोणी फसलाच, तर त्यानें लाजून गप्प बसूं नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें व बँकेसहि कळवावें. चोरलेला पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत झपाट्यानें हलविला जातो. तो वाटेंतच अडविणें हें पहिल्या कांहीं तासांतच साधतें. येथें विद्यार्थ्यांस एक कळकळीचें सांगणें आहे. तुमचे आजोबा फसले, तर त्यांस हंसूं नका, रागें भरूं नका. शहरांतील शिकले-सवरलेले गृहस्थहि या सापळ्यांत सांपडतात. घरांत उपहास होईल या भीतीनें म्हातारा मनुष्य दोन दिवस गोष्ट लपवितो, आणि त्या दोन दिवसांतच जन्माची पुंजी हातची जाते. तुमचा एक प्रेमळ शब्द येथें हजारों रुपयांच्या मोलाचा आहे.

विद्यार्थी मित्रहो, या चारहि गोष्टींत अवघड गणित कोठेंच आलें नाहीं. नीट वाचावें, नेमकें सांगावें, आधींच तयारी ठेवावी, भयानें व घाईनें कांहीं करूं नये, आणि चुकलेल्यास धीर द्यावा, हें आपले गुरुजन संगणक येण्यापूर्वींपासून सांगत आले आहेत. सेवक कितीहि वेगवान् असला तरी शहाणपण धन्यासच आणावें लागतें. या सुट्टींत प्रत्येकानें घरीं एवढेंच करावें : आजीजवळ बसून तिच्या मोबाईलमधील चौथ्या गोष्टीचीं तीन वाक्यें तिला समजावून द्यावीं, आणि घरांतील महत्त्वाच्या कागदांची एक प्रत दुसऱ्या गांवीं विश्वासू नातलगाकडे ठेवावी. हा अभ्यास कोणत्याहि परीक्षेस विचारला जाणार नाहीं. परंतु त्याचा उपयोग घरास केव्हां होईल, याचा नेम नाहीं.