धावलात किती? रडारला विचारा!

पहाटे वाळूजजवळच्या बजाजनगरात रस्त्याकडेला उभे राहा. पोलीस भरतीची तयारी करणारे ताई-दादा धापा टाकत धावताना दिसतील. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं! रोजच्या सरावात त्यांची किती ऊर्जा खर्च होत असेल? ती कळली, तर ताटात किती भाकरी हव्यात हेही कळेल. अर्धपोटी सराव केला, तर ताकद वाढायच्या ऐवजी घटते.

ऊर्जा मोजायची खात्रीची रीत म्हणजे तोंडावर मुखवटा लावून श्वास तपासणं. शरीराने १ लिटर ऑक्सिजन वापरला, की सुमारे ५ किलोकॅलरी खर्च झाल्या असं धरतात. पण मुखवटा लावून रोज धावायचं म्हणजे पंचाईतच!

इथे मदतीला येतं रडार. हो, विमानं शोधणारं तेच! रडार रेडिओलहरी सोडतं. त्या आपल्या अंगावर आपटून परततात. आपण जवळ येत असू, तर परतणाऱ्या लहरींची कंपनं वाढतात. लांब जात असू, तर कमी होतात. हॉर्न वाजवत आलेली एस.टी. पुढे निघून गेली, की आवाज उतरतो ना? तसंच! १८४२ मध्ये ख्रिश्चन डॉप्लर या शास्त्रज्ञाने हे तत्त्व मांडलं. २४ गिगाहर्ट्झच्या रडारकडे सेकंदाला ३ मीटर वेगाने धावत गेलात, तर फरक पडतो ४८० हर्ट्झचा. स्पीकरला जोडला तर तो चक्क ऐकूही येईल! हातपायांच्या हालचालींचा फरक आणखी वेगळा.

आधी मुखवटा आणि रडार, दोन्हींनी एकाच वेळी मोजायचं. दोन्हींचा मेळ बसला, की पुढे नुसत्या रडारवरून अंदाज बांधता येतो. अंगाला काही चिकटवायला नको!

पण रडारही फसतं बरं का! आषाढीला छोट्या पंढरपूरला निघालेली आजी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालते, नातू रिकाम्या हाताने. दोघांचा वेग सारखाच. रडारला चाल दिसते, डोक्यावरचा भार नाही. म्हणून उत्तराला ‘अंदाज’च म्हणायचं.

आता तुमचं गणित. सपाट रस्त्यावर धावताना दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी लागते. ४० किलोचा मुलगा २ किलोमीटर धावला, तर? ८०! म्हणजे जेमतेम एक पोळी.

आणि आई-बाबांनो, हा आकडा पाहून ताट लहान करू नका हं! मुलांना उंची वाढवायलाही ऊर्जा लागते, आणि ती काही रडारला दिसत नाही.