एकच शेत, तीन उत्तरं: पुरवठादारांचा डेटा ‘सारखा’ करायचा म्हणजे काय?

पुरवठा साखळीतल्या उत्सर्जनावर काम करायचं म्हटलं की बहुतेकांना वाटतं, अडचण डेटा मिळवण्याची आहे. ती आहेच. पण समजा, एका सुपरमार्केटच्या शंभर पुरवठादारांनी एकच एक्सेल फॉर्म भरून पाठवला आणि एकही रकाना रिकामा नाही. तरीही ते आकडे शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येईलच असं नाही. का, ते एका शेतावरून बघू.

युरोपातल्या सुपरमार्केटमध्ये विकल्या जाणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात सोयापेंड असते आणि त्यातली बरीचशी दक्षिण अमेरिकेतून येते. समजा, ब्राझीलच्या ॲमेझॉन पट्ट्यात २०१५ साली जंगल तोडून तयार केलेलं एक सोयाबीनचं शेत आहे. फॉर्ममध्ये प्रश्न आहे: ‘हा माल जंगलतोडमुक्त आहे का?’

युरोपीय संघाच्या २०२३ च्या जंगलतोडविषयक नियमात ३१ डिसेंबर २०२० नंतरची तोड धरतात. त्यामुळे तिथे उत्तर ‘हो’ (तोड स्थानिक कायद्यात बसणारी असेल, तर). सोयाबीन व्यापाऱ्यांच्या २००६ मधल्या ॲमेझॉन करारात पुढे जुलै २००८ ही तारीख ठरली, म्हणजे त्या हिशेबाने उत्तर ‘नाही’. कार्बनच्या हिशेबात तर हो-नाही हा प्रश्नच नसतो. तिथे जमिनीचा वापर बदलल्याचं उत्सर्जन साधारणपणे २० वर्षांवर वाटतात, म्हणून हे शेत २०३५ च्या आसपासपर्यंत दरवर्षी थोडं थोडं उत्सर्जन अंगावर वागवणार. शेत एकच, रकानाही एकच!

‘जंगल’ या शब्दाचंही तसंच. युरोपीय नियमाने जागतिक अन्न व कृषी संघटनेची व्याख्या घेतली आहे: अर्ध्या हेक्टरहून मोठी जमीन, ५ मीटरहून उंच झाडं, १० टक्क्यांहून जास्त छत्र. ब्राझीलच्या सेराडोतला बराच गवताळ-झुडुपी भाग यात बसत नाही. म्हणजे तिथे नांगर फिरला तरी फॉर्मवर ‘जंगलतोड नाही’ असंच येऊ शकतं.

आता खरी गंमत उत्सर्जनाच्या आकड्यात आहे. इथे वही-पेन घ्या. (आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत.)

एका तालुक्यात १०० हेक्टर सोयाबीन आहे. त्यातले ५ हेक्टर गेल्या २० वर्षांत जंगल तोडून आले. हेक्टरमागे ५०० टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, तो २० वर्षांवर वाटला की वर्षाला २५ टन. म्हणजे पूर्ण तालुक्याचं वर्षाचं उत्सर्जन १२५ टन. हेक्टरी ३ टन उत्पादन धरलं, तर टनामागे सरासरी ०.४२ टन. पण नेमकं तोडलेल्या शेताचं सोयाबीन घेतलं, तर टनामागे ८.३ टन.

पहिल्या पुरवठादाराकडे ६० हेक्टरचे नकाशे आहेत, सगळी शेतं जुनी. तो ‘०’ लिहितो. बरोबरच आहे. दुसऱ्याकडे उरलेले ४० हेक्टर, पण सायलोत शेकडो शेतांचा माल एकत्र होतो, कुठलं सोयाबीन कुठल्या शेतातलं ते त्याला सांगता येत नाही. तो तालुक्याची सरासरी वापरतो: ४० हेक्टर गुणिले १.२५, म्हणजे ५० टन. हेही मान्य पद्धतीत बसतं. पण बेरीज करा. १२५ टनांपैकी ७५ टन गायब! कुणी खोटं बोललेलं नाही, आणि सुपरमार्केटच्या वार्षिक अहवालात मात्र उत्सर्जन घटल्याचा आलेख येतो.

माझ्या मते प्रमाणीकरणाचा गाभा हा आहे, फॉर्मची रचना नाही. विजेच्या हिशेबात यावर एक उपाय वापरतात: हरित वीज ज्यांनी आपल्या नावावर घेतली ती वजा करून उरलेल्यांसाठी वेगळी सरासरी काढायची. सोयाबीनला तोच न्याय लावला, तर दुसऱ्या पुरवठादाराच्या ४० हेक्टरांवर १२५ टन येतील. गणित सोपं आहे. अवघड हे, की पहिल्याने ६० हेक्टर आपल्या नावावर घेतलेत हे दुसऱ्याला कळणार कसं? दोघे वेगवेगळ्या सुपरमार्केटना माल देत असतील, तर ती नोंद ठेवणार कोण?

म्हणून डेटासेट हातात आला की आकड्याच्या आधी तो कसा आला ते बघा. शेताचा प्रत्यक्ष आकडा आहे, प्रदेशाची सरासरी आहे, की नुसता खरेदीच्या रकमेला गुणांक लावलाय? कट-ऑफ तारीख कुठली? ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलच्या २०११ च्या स्कोप ३ मानकात यातल्या अनेक पद्धतींना मुभा आहे, त्यामुळे पद्धत बदलली की शेतात काहीच न बदलता आकडा बदलतो.

आपल्याकडेही याला जोडून काम करता येईल. युरोपीय नियमात कॉफीही येते. कोडगूतली कॉफी सावलीच्या झाडांखाली वाढते, आणि उपग्रहाला वरून फक्त झाडांचं छत्र दिसतं. जंगल कुठे संपतं आणि बाग कुठे सुरू होते, हे नकाशावर दाखवता आलं नाही, तर मळा पिढ्यान्‌पिढ्यांचा असूनही सिद्ध करायची वेळ लहान शेतकऱ्यावरच येते. ४ हेक्टरपर्यंतच्या जमिनीला त्या नियमात एका बिंदूचे अक्षांश-रेखांश चालतात. पण एका बिंदूवरून बागेची हद्द कळत नाही. रिमोट सेन्सिंग येत असेल, तर इथून सुरुवात करा.