कॅप्टन कोण? टीमला विचारा!

अमेरिकेतल्या एका कॉलेजची फुटबॉल टीम. प्लेअर्स एकाहून एक सरस, तरी मॅच हातची जायची. कोच साशो चिरोव्स्कीला त्यावरचा उपाय मैदानावर सापडला नाही. तो सापडला चक्क एचआरवाल्यांच्या एका सर्व्हेमध्ये!

तुमच्या ऑफिसात एक टीम लीडर असतोच. प्रत्येक मेलच्या खाली त्याचं नाव डेझिग्नेशनसकट झळकतं. मीटिंगमध्ये तोच बोलतो, अप्रेझलच्या वेळी तोच खुर्चीत बसतो. आणि शिवाय आणखी एक जण असतो. कोपऱ्यातल्या टेबलावरचा. क्लायंट भडकला, डेडलाइन हुकली, बॉसने झापलं, की सगळे गुपचूप त्याच्याच टेबलापाशी जमतात. कागदोपत्री तो कुणीच नसतो. पण तोच चार दिवस रजेवर गेला की टीमची गाडी रुळावरून घसरते.

हा कोपऱ्यातला माणूस कोण, हे टीममधल्या प्रत्येकाला माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त बॉसला. मेरीलँड युनिव्हर्सिटीचा फुटबॉल कोच साशो चिरोव्स्की हा असाच एक बॉस होता. फरक एवढाच, की त्याने ते मान्य केलं आणि सरळ टीमलाच विचारलं.

तीन जिंकल्या, चौदा हरल्या

साशोचा जन्म मॅसेडोनियातल्या व्रात्नित्सा गावातला, म्हणजे तेव्हाच्या युगोस्लाव्हियातला. लहानपणीच घरच्यांबरोबर तो कॅनडात विंडसरला आला. नदीच्या अलीकडे विंडसर, पलीकडे अमेरिकेचं डेट्रॉइट. फुटबॉल खेळत खेळत तो अमेरिकेत विस्कॉन्सिन-मिलवॉकी युनिव्हर्सिटीत पोचला. खेळणं संपल्यावर कोचिंगमध्ये शिरला, हार्टफर्ड युनिव्हर्सिटीत दोन मोसम हेड कोच राहिला आणि १९९३ मध्ये मेरीलँडला आला. वय तिशीच्या उंबरठ्यावर.

मेरीलँड म्हणजे वॉशिंग्टनला खेटून असलेलं कॉलेज पार्क. इथल्या टीमला इतिहास होता, पण तो इतिहासच होता. १९६८ मध्ये मिशिगन स्टेटबरोबरची फायनल २-२ अशी बरोबरीत सुटली आणि ट्रॉफी दोघांत वाटून देण्यात आली. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत त्या कपाटात राष्ट्रीय ट्रॉफी म्हणून नवं काही आलेलं नव्हतं. वर शेजाऱ्यांचा त्रास वेगळाच. त्यांच्याच लीगमधली व्हर्जिनिया युनिव्हर्सिटी कोच ब्रूस अरीनाच्या हाताखाली १९९१ ते १९९४ अशी सलग चार वर्षं राष्ट्रीय चॅम्पियन होती. म्हणजे शेजारच्या घरात रोज पुरणपोळी आणि आपल्याकडे पिठाचा डबाही रिकामा!

साशोचा पहिला मोसम? तीन विजय, चौदा पराभव, एक बरोबरी. आपल्याकडे असा निकाल लागला असता तर कोचच्या घरावर मोर्चा गेला असता. साशोने मात्र घरोघर जाऊन खेळाडू गोळा करण्याचं काम सोडलं नाही. अमेरिकन कॉलेजमध्ये कोचची अर्धी नोकरी सेल्समनची असते. अठरा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आई-वडिलांना पटवायचं, की बाकी सगळी कॉलेजं सोडा, आमच्याकडे या. टीम हरत असताना हे पटवणं म्हणजे न बांधलेल्या बिल्डिंगमधला फ्लॅट विकण्यासारखंच. साशोने तो विकला. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, टीम राष्ट्रीय स्पर्धेत पोचली. १९९६ मध्ये लीगची स्पर्धा जिंकली. १९९८ मध्ये देशातल्या शेवटच्या चार टीम्समध्ये, म्हणजे तिथे ज्याला 'कॉलेज कप' म्हणतात तिथपर्यंत, मजल मारली.

गोष्ट इथेच संपली असती तर ती नेहमीचीच असती. जिद्दी कोच, मेहनती मुलं, हॅपी एंडिंग. पण खरा पेच पुढेच होता.

दर वर्षी पास आऊट

कॉलेज टीमचा फंडा क्लबपेक्षा वेगळा असतो. पुरुषोत्तम करंडकाची आठवण काढा. एखादं कॉलेज करंडक जिंकतं, भरत नाट्य मंदिराबाहेर 'आव्वाज कुणाचा' घुमतो, आणि पुढच्या वर्षी लेखक पास आऊट, दिग्दर्शक पास आऊट, दोन चांगली नटमंडळी नोकरीला. उरतात बॅकस्टेजची पोरं आणि फर्स्ट इयरचे नवखे. कॉलेज फुटबॉलही तसाच. खेळाडूला साधारण चार मोसम मिळतात. चांगला असेल तर त्याआधीच एखादा व्यावसायिक क्लब त्याला उचलतो. म्हणजे टीम उभी करणं हे कोचचं एकदाचं काम नाही, ते दर ऑगस्टला नव्याने सुरू होतं.

त्यात पैशांचं गणितही तंग. २०२५ मध्ये नियम बदलेपर्यंत पुरुषांच्या फुटबॉल टीमला जास्तीत जास्त ९.९ स्कॉलरशिप देता यायच्या. हो, ९.९! दहाही नाही. त्या तुकड्यातुकड्यांनी पंचवीस-तीस मुलांत वाटायच्या. तिथल्या हेल्मेटवाल्या अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या टीम्सना मात्र ८५. म्हणजे कुणाला अर्धी फी माफ, कुणाला पाव, कुणाला नुसतंच 'वेलकम'. अशा मुलांना एकत्र बांधून ठेवायचं तर पैसा कामाला येत नाही, माणूस लागतो.

आणि नेमका तोच माणूस साशोला सापडत नव्हता. १९९८ च्या यशानंतर टीम घसरली. गुणवत्ता होती. साशोने कॅप्टनही सगळेजण निवडतात तसेच निवडले होते, म्हणजे टीममधले सर्वांत दमदार प्लेअर्स. जो सगळ्यांत चांगला खेळतो तो कॅप्टन, यात चूक काय? तरी मॅच अडचणीत आली की टीम गप्प व्हायची. कमी काय आहे, तर लीडरशिप, एवढं त्याच्या लक्षात आलं. ती आणायची कुठून, हे कळत नव्हतं.

एचआरवाला भाऊ

इथे एंट्री होते साशोच्या भावाची, वांचोची. वांचो एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये वरच्या पदावर होता. त्याने सुचवलं, की आम्ही कंपन्यांमध्ये एक सर्व्हे करतो, तो तुझ्या टीमवर करून बघ.

या सर्व्हेचं मूळ जुनं आहे. जेकब मोरेनो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९३० च्या दशकात 'सोशिओग्राम' नावाचा प्रकार आणला. कल्पना अगदी साधी. गटातल्या प्रत्येकाला खासगीत विचारायचं, की तू कुणाकडे जातोस? कुणावर भरवसा ठेवतोस? कुणाचं ऐकतोस? मग कागदावर प्रत्येक नावाचा एक ठिपका काढायचा आणि उत्तरांप्रमाणे बाण जोडायचे. थोड्या वेळात चित्र बोलायला लागतं. काही ठिपके एकटे पडलेले दिसतात. काही ठिकाणी चार-पाच जणांचे कंपू दिसतात, जे एकमेकांतच बाण मारत बसलेत. आणि एखादा ठिपका असा असतो, की चहूकडून बाण येऊन त्याच्यावरच थांबतात.

साशोच्या टीममध्ये असे बाण ज्याच्यावर येऊन थांबले तो कॅप्टन नव्हता. स्टारही नव्हता. तो होता स्कॉट ब्युटे, सेकंड इयरचा मिडफिल्डर. लीडर म्हणून कोचच्या डोक्यात त्याचं नावसुद्धा नव्हतं. टीमला मात्र ते आधीपासून माहीत होतं. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

विचार करा, हा निकाल हातात आल्यावर कोचला काय वाटलं असेल? रोज त्या मुलांबरोबर मैदानावर असणारा तो. कोण किती धावतो, कुणाचा डावा पाय कच्चा आहे, सगळं त्याला पाठ. आणि आपल्याच टीमचा कणा कोण, हे त्याला कागदावरच्या बाणांनी सांगावं! दुसरा एखादा बॉस असता तर त्याने तो कागद ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं असतं. साशोने स्कॉटला तिसरा कॅप्टन केलं. आधीच्या दोघांना काढलं नाही, त्यांचा अपमान केला नाही. जे टीमच्या मनात होतं त्यावर फक्त शिक्का मारला.

तीनदा दारात, मग आत

२००२ मध्ये मेरीलँड पुन्हा शेवटच्या चारांत पोचली. सेमीफायनलला हरली. २००३ मध्ये पुन्हा सेमीफायनल, पुन्हा हार. २००४ मध्ये इंडियानाविरुद्ध ज्यादा वेळात ३-२ अशी हार. लागोपाठ तीन वर्षं दारापर्यंत जाऊन परत यायचं, आणि दर वर्षी थोड्या वेगळ्या टीमला घेऊन! इथे भलेभले कोच सगळं बदलून टाकतात. साशोने घडी मोडली नाही.

२००५ मध्ये, चौथ्या खेपेला, दार उघडलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी इथे झालेल्या फायनलमध्ये मार्क बर्चच्या गोलने न्यू मेक्सिकोला १-० हरवून मेरीलँड चॅम्पियन झाली. यावेळी ट्रॉफी कुणाशी वाटून घ्यायची नव्हती. त्याच वर्षी स्ट्रायकर जेसन गॅरीला कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान, हर्मन ट्रॉफी, मिळाला. स्कॉट तोवर कॉलेजातून बाहेर पडला होता. त्यामुळे एका सर्व्हेने ट्रॉफी जिंकली असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण घसरलेली टीम ज्या वळणावर सावरली, त्या वळणावर तो सर्व्हे होता, हे नक्की.

त्यानंतर २००८ मध्ये ग्रॅहम झूसीच्या गोलवर नॉर्थ कॅरोलायनाला १-० हरवून पुन्हा विजेतेपद. हाच झूसी आणि त्याचा सहकारी ओमर गॉन्झालेझ २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेकडून खेळले. त्याआधी २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये मॉरिस एडू होता, तोही मेरीलँडचाच. लुडविग फील्ड या त्यांच्या मैदानावर 'द क्रू' नावाची विद्यार्थ्यांची टोळी पाहुण्या गोलकीपरच्या मागे उभी राहून त्याचं जिणं हराम करायची. हरणाऱ्या टीमच्या मागे कुणी घसा फोडत नाही.

गोल कुठे गेले?

यशाचा आलेख सरळ वर गेला का? छे! २०१२ मध्ये सेमीफायनल ४-४ अशी सुटून पेनल्टीवर गेली, २०१३ मध्ये फायनल नोत्र दामने २-१ ने नेली. २०१४ मध्ये युनिव्हर्सिटीने लीगच बदलली.

आणि २०१८ ची गोष्ट तर सिनेमावाल्यांनीही नाकारली असती. मोसमाच्या सुरुवातीला मॅचमागून मॅच गेली, टीमला गोलच होईना. राष्ट्रीय स्पर्धेत जेमतेम अकरावं मानांकन मिळालं. मग काय झालं? पाच मॅचेस, पाच विजय, आणि समोरच्यांचा एकही गोल नाही! फायनलमध्ये अमर सेजदिचने पेनल्टीवर एकमेव गोल केला आणि ॲक्रनला हरवून मेरीलँडने विजेतेपद मिळवलं. १९९३ ला आलेल्या माणसाची ही तिसरी ट्रॉफी. २०२३ मध्ये मेरीलँडला येऊन त्याला तीस वर्षं पूर्ण झाली. एवढ्या काळात तुमच्या-आमच्यासारख्यांनी किती नोकऱ्या बदलल्या असत्या, मोजा!

या सगळ्यात साशो एक लढाई मैदानाबाहेरही लढत होता. कॉलेज फुटबॉलचा मोसम ऑगस्ट ते डिसेंबर एवढ्यात कोंबलेला. आठवड्याला दोन-दोन मॅचेस, पाय दुखतात, लेक्चर्स बुडतात. मोसम दोन्ही सेमिस्टरमध्ये पसरवा, हा त्याचा आग्रह. एप्रिल २०२० मध्ये त्यावर मतदान व्हायचं होतं, ते कोविडने पुढे ढकललं. तरी त्याने ही मागणी लावून धरली. मुलांना झेपतं का, हे विचारणारा कोच मुलांचं मत का विचारतो, हे यातून कळतं.

तुमच्या टीमसाठी

साशोचा धडा आपल्या क्युबिकलमध्ये कसा वापरायचा?

• सगळ्यांत भारी काम करणारा आणि सगळ्यांत जास्त ऐकला जाणारा, हे दोघे वेगळे असू शकतात. प्रमोशन देताना दोन्ही नावं डोळ्यांसमोर ठेवा.

• विचारा, पण खासगीत. सगळ्यांसमोर विचारलंत तर बॉसच्या लाडक्याचंच नाव येईल.

• उत्तर आवडलं नाही तरी कागद ड्रॉवरमध्ये टाकू नका. लोकांना विचारून पुढे काहीच न करणं, हे न विचारण्यापेक्षा वाईट.

• नव्या माणसाला पुढे आणताना जुन्याला खाली ढकलायची गरज नसते. तिसऱ्या कॅप्टनला जागा करता येते.

• आणि तुम्हीच तो कोपऱ्यातल्या टेबलावरचे असाल, तर चहाचे पैसे दर वेळी तुम्हीच भरू नका. तेवढं तरी टीमने करायला हवं!