नव्या ड्राइव्हला दोष देण्याआधी

लॅपटॉपमध्ये नवा ड्राइव्ह बसवला, पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला घेतली आणि टक्केवारीचा आकडा तासभर जागचा हलला नाही, की संशय थेट नव्या ड्राइव्हवर जातो. पण इन्स्टॉलेशन हे एकट्या ड्राइव्हचे काम नाही. पेनड्राइव्ह फाइली पुरवतो, प्रोसेसर त्या दाबून भरलेल्या फाइली उलगडतो, ड्राइव्ह त्या लिहून घेतो आणि शेवटी इंटरनेटवरून अपडेट उतरतात. यांतला जो सर्वांत संथ, त्याच्याच चालीने इतरांना चालावे लागते. म्हणून एकूण वेळेपेक्षा काम कोणत्या टप्प्यावर रेंगाळले, हे आधी पाहावे.

थोडा हिशेब करू. इन्स्टॉलेशनची फाइल सहा जीबीची धरली, तर सेकंदाला 20 एमबी देणारा पेनड्राइव्ह ती पाच मिनिटांत वाचतो. तोच जुना होऊन 2 एमबीवर आला, तर 50 मिनिटे जातात. साटा प्रकारचा एसएसडी सेकंदाला 500 एमबीपर्यंत लिहून घेऊ शकतो, पण माल पोचलाच नाही तर तो नुसता थांबून राहणार. त्यामुळे पहिली तपासणी बिनखर्चाची आहे: चार्जर लावावा, दुसऱ्या चांगल्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर नव्याने तयार करावा आणि तो यूएसबी 3 च्या पोर्टला जोडावा. नवा ड्राइव्ह हार्ड डिस्क असेल, तर मात्र थोडा धीर धरावा. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या तबकडीची एक फेरी सुमारे 11 मिलिसेकंदांची असते. हजारो लहान फाइली जागोजागी लिहिताना हे थांबे साचत जातात. लॅपटॉप रीस्टार्ट झाल्यावर अपडेट शोधताना काम अडले, तर आधी इंटरनेट तपासावे.

कोणी म्हणेल, एकदा कशीबशी विंडोज पडली की झाले. पेनड्राइव्ह संथ होता, तर हे खरेच आहे. पण तो बदलूनही काम तासन्‌तास अडत असेल, तर ड्राइव्ह एकच नोंद पुन्हा पुन्हा लिहू पाहत असण्याची शक्यता आहे आणि तो दोष पुढे आपल्या फाइलींवर उलटतो. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे मोफत साधन ड्राइव्हच्या ‘स्मार्ट’ नोंदी, म्हणजे ड्राइव्हने स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवलेले आकडे, दाखवते. साटा ड्राइव्हवर सीआरसी त्रुटींचा, म्हणजे माहितीची ने-आण करताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल, तर बहुधा जोडणी सैल असते. ती काढून नीट बसवावी. बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांचा, म्हणजे साठवणीच्या खराब झालेल्या किंवा संशयित कप्प्यांचा, आकडा वाढत असेल, तर ड्राइव्ह परत करावा. हे सगळे दुरुस्तीवाल्याचे काम, असाही आक्षेप येईल. काम त्याच्याकडे जरूर द्यावे, पण या नोंदी दाखवायला सांगाव्यात.

ही तपासणी आजच करावी. ड्राइव्ह अजून रिकामा आहे, वॉरंटी चालू आहे आणि गमावण्यासारखा एकही फोटो त्यावर नाही.