कामठीच्या वाटेवरची अपरिचित स्थळे

पूर्व आफ्रिकेतील टांझानियाचे नाव काढले की सेरेनगेटीचे गवताळ रान, किलिमांजारोचे हिमशिखर आणि झांझिबारचा किनारा ही तीन दृश्ये सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांसमोर उभी राहतात. परदेशी प्रवाशांचा ओघही मुख्यतः तिकडेच. परंतु त्याच देशाच्या दक्षिण किनाऱ्यालगत किलवा किसिवानी नावाचे एक बेट आहे. सोन्याच्या व्यापारावर वैभवास चढलेले हे बंदर इब्न बतूताने १३३१ मध्ये पाहिले होते. प्रवाळाच्या दगडांत बांधलेली तेथील मशीद आणि राजवाडा यांचे अवशेष युनेस्कोने १९८१ मध्येच जागतिक वारशात समाविष्ट केले. कोंडोआच्या शैलचित्रांना तो मान २००६ मध्ये मिळाला. तरीही सिंह पाहावयास गेलेला प्रवासी या दोन्ही ठिकाणी क्वचितच वळतो. हा दोष त्याच्या अभिरुचीचा नव्हे. विमान जेथे उतरते, वाहन जेथे मिळते आणि मुक्कामाची सोय जेथे असते, तेथेच प्रेक्षणीय स्थळे ‘निर्माण’ होतात, हा प्रवासाच्या अर्थशास्त्रातील पहिला धडा होय.

कामठीकराने या गोष्टीकडे दूरदेशीची कथा म्हणून पाहण्याचे कारण नाही. टांझानियाचा आणि कामठीचा संबंध माणसाच्या इतिहासाहूनही जुना आहे. भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत ‘कामठी’ हे एका खडकसमूहाचे नाव आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत व आफ्रिका एकाच भूखंडाचे भाग असताना नद्यांच्या गाळातून तो वालुकाश्म घडला. त्या भूखंडाला गोंडवन हे नाव मिळाले तेही मध्य भारतातील गोंडांच्या मुलखावरून. नागपुरास धर्मोपदेशक म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कामठी-सिलेवाडा परिसरात हिंडून वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले. १८६३ मध्ये टाकळघाट-बोरीची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात सर्वांना ठाऊक आहे, पण कामठीचा दगड जगाच्या पाठ्यपुस्तकांत आहे हे कामठीच्या शाळेतल्या कितीशा मुलांना सांगितले जाते?

१८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हानकाठी छावणी वसविली, तेव्हापासून कामठी हे लष्करी गाव. ‘कॅम्प’वरून कामठी झाले, ही लोकव्युत्पत्ती सर्वांच्या तोंडी आहे, ती कितपत ग्राह्य मानावी हे भाषाशास्त्रज्ञांवर सोपवावे. छावणीखेरीज या गावाचे पोट विडीवर चालले, आणि विडी कामगारांना संघटित करणारे बाबू हरदास येथलेच. ‘जय भीम’ या अभिवादनाचे जनकत्व त्यांच्याकडे जाते. १९३७ मध्ये ते प्रांतिक विधिमंडळात निवडून आले आणि १९३९ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, गेले. कन्हानच्या काठी त्यांचे स्मारक आहे. प्रवासी मात्र कामठीस येतो तो मुख्यतः १९९९ मध्ये जपानी साहाय्याने उभ्या राहिलेल्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारासाठी. विहार सुंदर आहे यात शंका नाही. प्रश्न आहे तो पुढच्या तासाभराचा. नागपूरहून निघालेला पाहुणा तासाभरात दर्शन घेऊन नागपूरला परततो. वाहन नागपूरचे, मुक्काम नागपूरचा, जेवणही नागपूरचे. अर्थशास्त्र ज्याला गुणक म्हणते, तो खर्चाचा रुपया हातोहात फिरावयाचा तर आधी गावात उतरावा तरी लागतो!

तो उतरावा अशी स्थळे कामठीच्या पुढच्याच वाटेवर आहेत. जबलपूर रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरवर मनसर लागते. मँगनीजच्या खाणीचे गाव म्हणून ते परिचित. परंतु १९९८ पासून तेथे झालेल्या उत्खननांत टेकडीच्या पोटातून विटांचे प्रचंड बांधकाम बाहेर आले आणि वाकाटक सम्राट दुसऱ्या प्रवरसेनाची प्रवरपूर ही राजधानी येथेच असावी, असे अनेक विद्वान मानू लागले. १९७२ मध्ये येथेच सापडलेली शिववामनाची अप्रतिम मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मूर्ती सुरक्षित आहे ही समाधानाची बाब, तथापि तिला पाहावयास मनसरच्या माणसाने दिल्ली गाठावी हा व्यवहार उफराटाच म्हटला पाहिजे. पलीकडे रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. अलीकडच्या उत्खननात तेथे प्रभावतीगुप्ता या राणीच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. पतीच्या मृत्यूनंतर अल्पवयीन पुत्रांच्या वतीने राज्यकारभार चालविणारी, चंद्रगुप्त विक्रमादित्याची ही कन्या. रामटेकच्या गडावर दरवर्षी लोटणाऱ्या गर्दीतील फारच थोडी पावले नगरधनकडे वळतात.

येथे एक अडचणीची गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नागपूर जिल्ह्यात जुनापाणीसारख्या ठिकाणची महापाषाणयुगीन शिलावर्तुळे केंद्राने संरक्षित केलेली आहेत. २०१० च्या कायदा-दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रित आहे. हे निर्बंध आवश्यकच. पण त्यांचा भार कोणावर पडतो? ज्याला भावाशेजारी दोन खोल्या वाढवावयाच्या आहेत त्या शेतकऱ्यावर. लाभ साऱ्या राष्ट्राचा, किंमत एका गावाची. मग त्या गावाला दगडांविषयी ममत्व वाटावे कसे? जेथे पाहुणा येत नाही, तेथे स्मारक ही गावकऱ्याच्या दृष्टीने नुसती अडगळ ठरते, आणि अडगळीचा दगड एके दिवशी कोणाच्या तरी पायव्यात जातो.

उलटपक्षी, पाहुणे आले म्हणजे गावाचे भले होतेच असेही नाही. सेरेनगेटीचे रान राखावयाचे म्हणून १९५९ मध्ये मसाई पशुपालकांना ती कुरणे सोडावी लागली, आणि त्या रानाचा पैसा त्यांच्यापर्यंत किती पोहोचतो हा वाद अद्याप शमलेला नाही. तेव्हा मनसर-नगरधनला मोठी हॉटेले बांधून घ्यावीत, असा याचा अर्थ नव्हे. कामठीहून निघून मनसर, नगरधन व रामटेक दाखवून सायंकाळी परत आणणारी एक बस, इतिहास शिकलेले आणि त्या माहितीचा मोबदला घेणारे स्थानिक तरुण मार्गदर्शक, गावातल्याच घरी शिजलेले जेवण, एवढ्यापासून आरंभ करता येईल. सिलेवाड्याचे जीवाश्म व मनसरच्या विटा यांचे लहानसे प्रदर्शन कामठीस भरविले तर शाळांच्या सहलीही या वाटेस लागतील.

आणि प्रवासी कोठून आणावयाचे हा प्रश्नच नाही. धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर आलेले असंख्य अनुयायी ड्रॅगन पॅलेसला भेट देतात. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, बरोबर घरून बांधून आणलेली भाकर. नागार्जुनाच्या आठवणी जिच्याशी परंपरेने जोडल्या आहेत ती मनसरची टेकडी त्या विहारापासून बसने तासाभराच्याच अंतरावर आहे. ते तेथूनच घरची गाडी पकडण्यासाठी नागपूर स्टेशनकडे परततात.