यंत्र जागे होते, सेवा झोपलेलीच राहते

मध्यरात्री वीज जाते आणि पहाटे परत येते. सर्व्हर आपोआप सुरू होतो. मात्र सकाळी रुग्णालयाच्या संकेतस्थळावर तपासणीची वेळ नोंदवू पाहणाऱ्याला ते बंदच आढळते. यंत्र सुरू झाले, पण त्यावरील वेब अ‍ॅप्लिकेशन सुरू करण्यास त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आदल्या दिवशी कर्मचाऱ्याने हाताने दिलेली आज्ञा यंत्राच्या स्मरणात राहत नाही. ही जबाबदारी माणसाकडून काढून यंत्रावर सोपविणे, म्हणजेच अ‍ॅप्लिकेशन ‘सेवा’ म्हणून चालविणे होय.

लिनक्समध्ये कर्नल सर्वप्रथम क्रमांक १ ची प्रक्रिया सुरू करतो आणि ती इतर सेवांना उठविते. जुन्या ‘सिस्टिम फाइव्ह’ पद्धतीत प्रत्येक सेवेसाठी एक स्क्रिप्ट लिहावी लागे. ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’ आणि ‘रीस्टार्ट’ या शब्दांवर काय करायचे, हे त्या स्क्रिप्टमध्ये असे. चालू प्रक्रियेचा क्रमांक एका फाइलमध्ये टिपून ठेवला जाई. वीज अचानक गेली तर ती फाइल कधी कधी तशीच मागे राही आणि नीट तपासणी न करणारी स्क्रिप्ट ‘सेवा चालूच आहे’ असे समजून स्वस्थ बसे.

लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये ‘सिस्टमडी’ पुढे आणली. फेडोराने २०११ मध्ये, तर डेबियन व उबुंटूने २०१५ मध्ये ती मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारली. येथे लांबलचक स्क्रिप्टऐवजी काही ओळींची फाइल पुरते. कोणता प्रोग्रॅम, कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने, कोणत्या सेवेनंतर चालवायचा आणि तो कोसळल्यास पुन्हा सुरू करायचा का, एवढे त्यात नोंदवायचे असते. प्रक्रियेवर सिस्टमडी स्वतःच लक्ष ठेवते.

तरीही काही चुका हमखास होतात. कर्मचाऱ्याच्या लॉगिनमध्ये जावाचा मार्ग ठाऊक असतो. यंत्र सुरू होताना तो आपोआप मिळत नाही, म्हणून फाइलमध्ये पूर्ण मार्ग लिहावा. सर्वाधिकारी ‘रूट’च्या नावाने अ‍ॅप्लिकेशन चालवू नये, त्यात शिरकाव करणाऱ्याच्या हाती सारे यंत्र जाऊ शकते. डेटाबेस ‘सुरू झाला’ म्हणजे तो उत्तर देण्यास ‘सज्ज झाला’ असे नेहमीच नसते. म्हणून अ‍ॅप्लिकेशनने थोडे थांबून पुन्हा जोडणीचा प्रयत्न करावा.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र साधी आहे. ‘स्टार्ट’ ही आज्ञा सेवा आत्ता सुरू करते. पुढील वेळी यंत्राबरोबर ती सुरू व्हावी यासाठी ‘एनेबल’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती राहिली तरी यंत्र बंद होईपर्यंत सारे सुरळीत दिसते. म्हणूनच नवी सेवा लोकांसाठी खुली करण्यापूर्वी यंत्र एकदा मुद्दाम बंद करून सुरू करावे आणि कोणीही लॉगिन न करता संकेतस्थळ उघडते का, हे दुसऱ्या संगणकावरून पाहावे. काही मिनिटांची ही रंगीत तालीम पुढची धावपळ वाचविते.