ओळखीचा डोंगर आणि भरलेली बाटली

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाचा मुलगा किंवा लेक अमेरिकेत फिनिक्सच्या बाजूला असेल आणि त्यांच्याकडे जायचा बेत असेल, तर हे जरा नीट वाचा.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुपरस्टिशनचा डोंगर दिसतो. भांडी घासताना रोज समोर! त्याचा एक सपाट कडा इस्त्रीसारखा पुढे आलाय, म्हणून त्याचं नाव ‘फ्लॅटआयर्न’. जाऊन-येऊन सुमारे १० किलोमीटर, चढ सुमारे २,७०० फूट. सिंहगड चढणारीला यात काही वाटणार नाही. पण सिंहगडावर दही-ताक, पिठलं-भाकरी वाट बघत असते. हा वाळवंटातला डोंगर. पाणी लागेल तेवढं खालूनच न्यायचं.

गेल्या मार्चमध्ये वन्सं पुण्याहून आल्या होत्या. “कितीदा चढलेय मी, त्यात काय!” असं मीच म्हटलं. सकाळी सहाला निघालो. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, गूळ-शेंगदाणे आणि माणशी चार लिटर पाणी. डोंगराची ही बाजू पश्चिमेची, त्यामुळे सकाळी सावली. वन्सं सग्वारो निवडुंगांचे हात मोजत चालल्या होत्या. पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, हे ऐकून त्यांना कोण कौतुक!

(एक फणी मात्र बरोबर हवीच. ‘चोया’ निवडुंगाचा गोळा नुसत्या स्पर्शाने चिकटतो. बोटांनी ओढू नका. फणी खाली सरकवून झटका द्या.)

दोन तासांनी गुळगुळीत खडकाच्या खोलगट घळीत टेकलो. वन्संची बाटली जवळजवळ भरलेली. ‘किती जपून वापरतात!’ असं मला वाटलं. माझा शहाणपणा बघा! पुढे हातापायांनी चढायचे दगड सुरू झाले. तासाभरात त्यांचं डोकं ठणकू लागलं, पुऱ्या नकोशा झाल्या, आणि उन्हात त्यांच्या हातावर काटा आला.

मी म्हटलं, “वन्सं, मागे फिरू.”

“इतकं आल्यावर? माथा तर दिसतोय!”

दिसत होता खरा. पण उतरताना दुपारचं ऊन थेट अंगावर येणार होतं. सावलीत बसवून त्यांना मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट पाजलं, मानेवर ओला रुमाल ठेवला. अर्ध्या तासाने बरं वाटल्यावर उतरायला लागलो. खाली आल्यावर हळूच म्हणाल्या, “अगं, वर सोय नाही ना. म्हणून पीतच नव्हते.”

काय बोलणार? आपण सगळ्याच हे करतो, एस.टी.त, लग्नात, परीक्षेला. पण कोरड्या हवेत घाम आल्याआल्या वाळतो, किती पाणी गेलं ते अंगाला कळतसुद्धा नाही. म्हणून निघण्याआधी बाईमाणसाशी हे बोलून घ्या. पायथ्याशी स्वच्छतागृह आहे, तिथे जाऊनच निघा. वर गरज लागली तर वाटेपासून आणि ओढ्याच्या पात्रापासून सत्तर-एक पावलं दूर, एकीने ओढणी धरायची. कागद पिशवीत बांधून परत आणायचा. तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, बरोबर खारट काहीतरी. आणि अर्धं पाणी संपलं, की असाल तिथून मागे.

वन्संचं विमान गुरुवारचं होतं, माथा राहिलाच. परवा फोनवर विचारत होत्या, “ती ओढणी ठेवलीयस ना गं?”